अँड्रॉइडचा इतिहास : बिऱ्हाडकरूच्या बाजूनें

घराचा इतिहास दोघांना लिहितां येतो. एक घर बांधणाऱ्याला, व दुसरा त्यांत बिऱ्हाड करून राहिलेल्याला. पहिला पाया, मजले, खर्च व भाडें यांचा हिशेब देतो. कोणत्या खोलींत पाणी गळतें, जिन्याची वाट कोणत्या वर्षीं बदलली, आणि मालकानें कोणतें दार न विचारतां बंद केलें, हें दुसराच सांगूं शकतो. मोबाइल फोनांत चालणाऱ्या अँड्रॉइड नांवाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा इतिहास आजवर बहुधा पहिल्या रीतीनें लिहिला गेला आहे. कोणती आवृत्ति केव्हां निघाली, तिला कोणत्या मिठाईचें नांव दिलें, किती फोन खपले, हें सर्व वाचावयास मिळतें. परंतु जे लोक या सिस्टिमसाठीं प्रोग्राम लिहितात आणि त्यावरच ज्यांचा चरितार्थ चालतो, त्यांच्या बाजूनें हा इतिहास क्वचितच मांडला जातो. तो तसा मांडून पाहण्याचा आमचा या लेखांत उद्देश आहे.

यासाठीं आम्हीं जी जागा निवडली आहे ती कॅलिफोर्नियांतील नव्हे, तर उल्हास नदीच्या खोऱ्यांतील. कल्याणच्या पुढें मध्य रेल्वेच्या कर्जतकडे जाणाऱ्या फाट्यावर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं गांवें ओळीनें लागतात. मुंबईंत बिऱ्हाड परवडेनासें झालें म्हणून अंबरनाथ-बदलापुराकडे आलेल्या मराठी मध्यमवर्गाचीं कितीतरी मुलें आज सकाळच्या लोकलनें ठाणें, ऐरोली व पवईच्या कचेऱ्यांत प्रोग्राम लिहावयास जातात. लिपीच्या दृष्टीनेंही हें खोरें मोठें बोलकें आहे. अंबरनाथच्या शिवालयावर शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहार राजा मम्वाणि याच्या वेळचा लेख नागरी अक्षरांत कोरलेला आहे. बदलापुरांत तीच लिपि मराठीसाठीं चालते. उल्हासनगर तर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचें गांव. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्याची स्थापना झाली. सिंधी भाषा अरबी वळणाच्या लिपींत लिहितात, तशी देवनागरींतही लिहितात. एकाच लोकलच्या वाटेवर एका लिपीच्या इतक्या गरजा एकत्र आलेल्या असल्यामुळें, बाहेरून आलेलें एखादें यंत्र आपल्या लोकांच्या उपयोगी पडतें कीं नाहीं याची परीक्षा येथें चांगली होते.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय तें आधीं थोडक्यांत सांगितलें पाहिजे. फोनावर आपणांस दिसतात तीं ॲप्स. एक रेल्वेचें वेळापत्रक दाखवितें, दुसरें पैसे पाठवितें, तिसरें पत्रिका जुळवितें. परंतु पडद्यावर अक्षर उमटविणें, बोटाचा स्पर्श ओळखणें, मजकूर सांठविण्यास जागा देणें, बॅटरीचा खर्च आवरणें, हीं कामें प्रत्येक ॲपनें स्वतः करावयाचीं म्हटलीं तर एकही ॲप पुरें व्हावयाचें नाहीं. तीं सर्वांसाठीं एकदांच करून ठेवणारा जो मोठा प्रोग्राम, तीच ऑपरेटिंग सिस्टिम. घराची उपमा पुढें चालवावयाची तर पाया, भिंती, नळ व वीज हीं सिस्टिमचीं. आणि ॲप हें त्यांत थाटलेलें बिऱ्हाड.

अँड्रॉइडच्या आधींही फोनांसाठीं प्रोग्राम लिहिले जात. नोकियाच्या अनेक फोनांत सिंबियन असे, ब्लॅकबेरीची व्यवस्था स्वतंत्र असे, आणि पुष्कळ साध्या फोनांत जावा भाषेंतले लहान प्रोग्राम चालत. मुंबईच्या उपनगरी प्रवाशांना आतां घरच्यासारखें झालेलें सचिन टेके यांचें 'एम-इंडिकेटर' हें ॲप प्रथम अशा जावा फोनांवरच आलें, व मागाहून अँड्रॉइडवर गेलें. बदलापूरची पुढची गाडी किती वाजतां, ती जलद कीं धीमी, हें छापील वेळापत्रकाऐवजीं फोनांत पाहण्याची संवय त्यानें लोकांस लावली. परंतु त्या काळांत प्रोग्रामरची स्थिति बिकट होती. एकाच भाषेंत लिहिलेला प्रोग्राम एका कंपनीच्या फोनावर नीट चाले, दुसरीच्या फोनावर पडद्याबाहेर सांडे, आणि तिसरीच्या फोनावर उघडतच नसे. फोन बनविणारे जितके, तितके घरमालक, आणि प्रत्येकाचे नियम निराळे!

अशा वेळीं, २००३ च्या ऑक्टोबरांत, अँडी रुबिन, रिच मायनर, निक सिअर्स व ख्रिस व्हाइट या चौघांनीं कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें अँड्रॉइड कंपनी काढली. प्रारंभीं त्यांचा विचार डिजिटल कॅमेऱ्यांसाठीं सिस्टिम करण्याचा होता. पुढें ते फोनाकडे वळले. २००५ सालीं गूगलनें ही कंपनी विकत घेतली. २००७ च्या जानेवारींत ॲपलनें आयफोन दाखविला, तेव्हां बटणांचा फोन डोळ्यांपुढें ठेवून चाललेलें काम या मंडळींस पुन्हां नव्यानें मांडावें लागलें. त्याच वर्षीं ५ नोव्हेंबर रोजीं ३४ कंपन्यांचा एक संघ जाहीर झाला, आणि आठवड्याभरांत प्रोग्रामरांसाठीं अवजारांचा पहिला संच बाहेर पडला. २००८ च्या ऑक्टोबरांत पहिला अँड्रॉइड फोन अमेरिकेंत विक्रीस आला, व त्याच सुमारास सिस्टिमचा मूळ कोडही जगापुढें खुला झाला. भारतांत पहिला फोन आला तो २००९ सालीं, एचटीसी कंपनीचा 'मॅजिक'.

यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, बाजारांत एकही फोन नसतां प्रोग्रामरांच्या हातीं अवजारें जवळजवळ वर्षभर आधीं देण्यांत आलीं. रिकाम्या चाळींत कोणी राहावयास येत नाहीं, हें मालकाला पक्कें ठाऊक होतें. अटीही सोप्या होत्या. आयफोनसाठीं लिहावयाचें तर ॲपलचाच संगणक पाहिजे आणि दर वर्षीं ९९ डॉलर भरले पाहिजेत. अँड्रॉइडसाठीं कोणताही साधा संगणक चाले, आणि दुकानांत नांव नोंदविण्यास एकदांच २५ डॉलर पुरत. भाषा जावा, ती तर आपल्या इंजिनियरिंग कॉलेजांत आधींपासून शिकविली जात होती. अंबरनाथच्या दोन खोल्यांच्या घरांत बसून सर्व जगाला घेतां येईल असें ॲप लिहिणें ही गोष्ट त्यापूर्वीं फार थोड्यांच्या आटोक्यांतली होती. या उपकाराची नोंद न करतां पुढें जाणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु घरांत पाऊल ठेवल्याबरोबर मराठी बिऱ्हाडकरूला पहिली उणीव जाणवली ती अक्षरांची. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवर मराठी मजकूर उघडला म्हणजे अक्षरांच्या जागीं रिकाम्या चौकोनांच्या ओळी दिसत. कांहीं फोनांवर अक्षरें दिसत, पण तीं मोडकीं. देवनागरींत ऱ्हस्व वेलांटी उच्चारांत व्यंजनामागून येते, लिहिण्यांत मात्र व्यंजनाच्या आधीं बसते. रफार उच्चारांत आधीं असून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. आणि जोडाक्षरांत तर दोन अक्षरें मिळून तिसरेंच रूप घेतात. नुसती अक्षरांची पेटी भरून ठेवल्यानें हें साधत नाहीं; यंत्राला लेखनाचें व्याकरणच शिकवावें लागतें. तें शिकविलें नसेल तर 'स्थिति' यासारख्या शब्दाचे तुकडे पडतात, हलन्ताचे पाय लोंबकळत राहतात, आणि वेलांट्या भलत्याच अक्षराला जाऊन चिकटतात.

यांतली खेदाची गोष्ट अशी कीं, ही विद्या आपल्याकडे नवी नव्हती. १९८० नंतरच्या दशकांत कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें व पुढें पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत मोहन तांबे आदि मंडळींनीं भारतीय लिपि संगणकावर आणण्याचें काम केलें होतें. अक्षरें उच्चाराच्या क्रमानें सांठवावीं, आणि त्यांचें दृश्य रूप यंत्रानें शेवटीं घडवावें, हें त्यांतलें मुख्य तत्त्व. याच तत्त्वावर 'इस्की' नांवाचें प्रमाण ठरलें; १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें त्यास मान्यता दिली; आणि त्याच वर्षीं प्रथम निघालेल्या युनिकोड या जागतिक प्रमाणांतील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला आहे. मुंबईंत र. कृ. जोशी यांनीं (ते कवीही होते व अक्षरकारही) विंडोजसाठीं 'मंगल' हा टाइप घडविला. म्हणजे संगणकावर देवनागरी नीट दिसूं लागून कित्येक वर्षें झालीं होतीं. फोनाच्या घरांत मात्र तिला पुन्हां दाराशीं उभें राहावें लागलें. याचें कारण द्वेष नव्हे. ज्यांनीं पाया घातला त्यांच्या भाषेंत अक्षरें एकापुढें एक मांडलीं कीं काम संपतें. म्हणून लिपि ही पायाची गोष्ट आहे, रंगसफेदीची नव्हे, हें त्यांच्या ध्यानांत उशिरां आलें.

मधल्या काळांत लोकांनीं नाना युक्त्या केल्या. ऑपेरा मिनि या ब्राउझरांत एक आडबाजूची सोय होती. ती चालू केली म्हणजे कठीण लिपींतला मजकूर दूरच्या संगणकावर चित्ररूप होऊन फोनावर येई. मराठी वर्तमानपत्रें फोनावर वाचणाऱ्या अनेकांनीं प्रथम याच वाटेनें तीं वाचलीं. ॲप लिहिणाऱ्यांपैकीं कोणी पानेंच्या पानें चित्रें करून भरीत. कोणी स्वतःचा टाइप बरोबर देऊन वेलांट्या मागेंपुढें करणारा प्रोग्राम स्वतःच लिहीत. चित्रांतला मजकूर शोधतां येत नसे, त्याची नक्कल घेतां येत नसे, आणि अंधांसाठीं तो यंत्राकडून वाचून घेतां येत नसे. जें काम पायानें करावयाचें तें प्रत्येक बिऱ्हाडानें वेगवेगळें केलें, आणि बहुतेकांनीं अर्धवट केलें.

२०११ सालीं निघालेल्या चौथ्या आवृत्तीपासून व तिच्या मागच्या सुधारणांतून देवनागरी हळूहळू जागेवर बसूं लागली. त्यांत हर्फबझ नांवाच्या मोकळ्या कोडाच्या प्रोग्रामचा मोठा वाटा आहे. मूळचे इराणचे बेहदाद इस्फहबोद यांनीं तो वाढविला. फारसींत 'हर्फ' म्हणजे अक्षर व 'बाज' म्हणजे खुलें, यांवरून त्याचें नांव पडलें. आपल्या जुन्या दप्तरांतील फारसी शब्दांशीं परिचय असलेल्या वाचकांस हें नांव परकें वाटूं नये. २०१४ सालच्या पांचव्या आवृत्तींत तमिळ, तेलुगु, कन्नड, बंगाली इत्यादींबरोबर मराठीलाही सिस्टिमची स्वतःची भाषा म्हणून स्थान मिळालें. म्हणजे फोनांतील सूचना, महिने व वार हेंही सर्व मराठींत दिसूं लागलें.

बारीकसारीक वाटणाऱ्या गोष्टींना तर याहून वेगळा वेळ लागला. 'आचार्यांना' व 'आचाऱ्यांना' यांत गुरु व स्वयंपाकी इतकें अंतर आहे. तें दाखविणारा आडवा रफार कीबोर्डवर सांपडत नसला तर लिहिणारा निमूटपणें चूक करतो. इंग्रजी शब्दांसाठीं आपण नित्य वापरतों तें 'ॲ' हें अक्षर युनिकोडांत २००८ सालीं आलें. सिंधींत श्वास आंत ओढून उच्चारावयाचे ग, ज, ड व ब यांसारखे चार वर्ण आहेत. देवनागरींत ते अक्षराखालीं रेघ देऊन लिहितात. त्या चार अक्षरांना युनिकोडांत स्वतंत्र जागा २००६ सालीं मिळाली. सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत १९६७ सालींच स्थान मिळालें होतें. यंत्रानें तिला ओळखण्यास पुढें ३९ वर्षें घेतलीं. उल्हासनगरच्या एखाद्या प्रोग्रामरनें आपल्या आजीची भाषा देवनागरींत फोनावर लिहूं म्हटलें असतें तर त्यापूर्वीं तें शुद्ध लिहितांच आलें नसतें.

लिहिण्याच्या सोयीचेंही एक उदाहरण नमूद केलें पाहिजे. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें अनिरुद्ध जोशी यांच्या मार्गदर्शनाखालीं २०१३ सालीं 'स्वरचक्र' नांवाचा कीबोर्ड अँड्रॉइडसाठीं निघाला. त्यांत व्यंजनें वर्णमालेच्या क्रमानें मांडलेलीं असत; अक्षरावर बोट टेकवलें कीं त्याच्याभोंवतीं का, कि, की, कु असें बाराखडीचें चक्र उघडे. इंग्रजी टंकलेखनाची मांडणी ज्यांनीं कधीं पाहिली नव्हती, पण शाळेंत बाराखडी घोकली होती, त्यांच्या त्या घोकंपट्टीचा येथें उपयोग झाला. पायाचा नकाशा आपला नसला तरी त्यावर आपल्या चालीनें वावरतां येतें, हें या कामानें दाखविलें.

अक्षरांची अडचण कमी होते न होते तोंच दुसरी वाढली, ती आवृत्त्यांची. गूगल दर वर्षीं नवी आवृत्ति काढी. फोन बनविणारा तींत आपल्या मनासारखे फेरफार करी. आणि स्वस्त फोन एकदां विकला कीं त्याला पुढची आवृत्ति बहुधा मिळत नसे. अशा स्थितींत उल्हासनगरसारख्या बाजारांत दुरुस्त होऊन दुसऱ्या-तिसऱ्या हातीं गेलेला फोन कित्येक वर्षें चालत राहतो, आणि तो वापरणाराही ॲपचें गिऱ्हाईकच असतो. तेव्हां प्रोग्रामरला नवें तें वापरावें लागतें व जुनें तें सांभाळावेंही लागतें. त्यांत अवजारें बदललीं तीं निराळींच. डॅन बॉर्नस्टाइन यांनीं लिहिलेलें व आइसलंडांतील एका गांवाच्या नांवावरून ओळखलें जाणारें 'डाल्विक' हें यंत्र प्रोग्रामचें भाषांतर तो चालत असतां करी. २०१४ सालीं त्याच्या जागीं ॲप बसवितांनाच भाषांतर करून ठेवणारी व्यवस्था आली. त्याच वर्षाच्या अखेरीस जुन्या एक्लिप्सच्या ऐवजीं अँड्रॉइड स्टुडिओ हें अवजार पूर्णरूपानें निघालें. २०१७ सालीं कॉट्लिन या भाषेला मान्यता मिळाली व २०१९ पासून तिलाच पहिला मान देण्यांत आला. २०२१ सालीं पडदा रचण्याची रीतच नवी आली. २०१० सालीं शिकलेल्या माणसाची भाषा, अवजार व रीत हीं तिन्ही अकरा वर्षांत जुनीं झालीं.

हे सर्व बदल निरर्थक होते असें आम्ही म्हणत नाहीं. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपूर्वीं ॲप घेतांनाच त्याच्या साऱ्या मागण्यांना एकदम होकार द्यावा लागे. वेळापत्रक पाहण्यासाठीं घेतलेल्या ॲपला आपल्या परिचितांची यादीही उघडून मिळे. त्या आवृत्तीपासून प्रत्येक परवानगी गरज पडेल तेव्हां वेगळी मागावी लागूं लागली. प्रोग्रामरांचें काम वाढलें, परंतु एका बिऱ्हाडाच्या हातीं दुसऱ्याच्या कपाटाची किल्ली नसावी हेंच रास्त होय. तसेंच जावाच्या मालकीवरून ओरॅकल कंपनीनें २०१० सालीं गूगलवर लावलेला दावा ५ एप्रिल २०२१ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें निकालांत काढला. जावांतील सुमारें ११,५०० ओळींमधलीं नांवें व त्यांची मांडणी गूगलनें उतरून घेतली होती. तो वापर न्याय्य होता असें न्यायालयानें ठरविलें. जुन्या ज्ञानाच्या बळावर नवें घर उभारतां येणें हें प्रत्येक प्रोग्रामरच्या हिताचें असल्यामुळें या निकालाचें महत्त्व गूगलपुरतें नव्हतें.

आतां मालकीचा प्रश्न. अँड्रॉइडचा कोड खुला आहे, म्हणजे घराचा नकाशा कोणालाही मिळतो व त्याबरहुकूम कोणालाही घर बांधतां येतें. पण नकाशा खुला असणें आणि दार खुलें असणें या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. २०११ सालीं टॅब्लेटांसाठीं काढलेल्या तिसऱ्या आवृत्तीचा कोड गूगलनें त्या वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत दिला नाहीं. २०१२ पासून नकाशे, सूचना पोंचविणें, ठिकाण ओळखणें अशा कित्येक सोयी खुल्या कोडाच्या बाहेर, गूगलच्या स्वतःच्या प्ले सर्व्हिसेसमध्यें वाढत गेल्या. फोनावर प्ले हें दुकान पाहिजे असेल तर गूगलचीं इतर ॲप्सही बरोबर घ्यावीं लागत, याबद्दल भारताच्या स्पर्धा आयोगानें २० ऑक्टोबर २०२२ रोजीं १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. २०२३ च्या मार्चांत अपील न्यायाधिकरणानें दंड कायम ठेवला, पण आयोगाच्या कांहीं आज्ञा रद्द केल्या. २०२३ च्या नोव्हेंबरपासून नव्या व्यक्तिगत खात्याला दुकानांत ॲप मांडण्यापूर्वीं वीस माणसांकडून तें सलग चौदा दिवस तपासून घेणें आवश्यक झालें. पुढें ही संख्या बारावर आणली गेली. आणि दुकानाबाहेरून दिलेल्या ॲपच्या कर्त्यालाही ओळख पटवावी लागेल, याची सुरुवात चार देशांत होईल, असें २०२५ च्या ऑगस्टांत जाहीर करण्यांत आलें. ठकबाजी पुष्कळ माजली होती, हें या नियमांचें कारण खरें आहे. पण ठकाला अडविणारें दार प्रथम अडवितें तें एकट्यानें काम करणाऱ्याला. मोठ्या कंपनीला बारा माणसें गोळा करणें म्हणजे कांहींच नव्हे.

मालकाच्या दारावर अवलंबून राहावयाचें नसेल तर स्वतःचें घर कां बांधूं नये, असा विचार मनांत येणें साहजिक आहे. आणि तो प्रयोग मुंबईंतच झाला. आय. आय. टी. मुंबईचे पदवीधर राकेश देशमुख व त्यांचे सहकारी यांनीं अँड्रॉइडचा खुला कोड घेऊन त्यावर भारतीय भाषांची एक सिस्टिम रचली. २०१५ सालीं मायक्रोमॅक्सच्या 'युनाइट ३' फोनावर ती 'फर्स्टटच' या नांवानें आली, व त्याच वर्षीं तिचें 'इंडस ओएस' असें नामकरण झालें. बोट फिरवून एका भाषेंतला मजकूर दुसरींत किंवा दुसऱ्या लिपींत नेतां येई, आणि ई-मेलचा पत्ता नसलेल्यालाही तिच्या दुकानांतून ॲप्स घेतां येत. बाजाराचा हिशेब ठेवणाऱ्या एका संस्थेनें तर थोड्याच अवधींत भारतापुरतें तिला अँड्रॉइडच्या खालोखाल स्थान दिलें. परंतु ही सिस्टिम ज्या देशी फोन-कंपन्यांच्या खांद्यावर उभी होती, त्यांचा बाजार पुढच्या दोन-तीन वर्षांत चिनी कंपन्यांनीं घेतला. खांदाच गेल्यावर सिस्टिम उरली नाहीं. तिचें दुकान तेवढें उरलें. तें २०१९ सालीं सॅमसंगच्या फोनांवर गेलें, पुढें कंपनी फोनपेकडे आली, आणि २१ फेब्रुवारी २०२४ रोजीं 'इंडस ॲपस्टोअर' या नांवानें भारतीय भाषांतील ॲप्सचें दुकान म्हणून त्याचें पुन्हां उद्घाटन झालें. त्यांत विशेष हें कीं, पैसे घेण्याची व्यवस्था प्रोग्रामरला आपल्या पसंतीची लावतां येते, आणि त्यावर दुकान वर्ताळा घेत नाहीं.

या इतिहासांतून आम्हांस जें दिसतें तें असें. आपल्या लोकांनीं दोन जातींचीं कामें केलीं. एक, सर्वांच्या पायांत नेऊन घातलेलें : इस्कीचें तत्त्व युनिकोडांत मिसळलें, आणि आज जगांतला प्रत्येक स्मार्टफोन मराठी शब्द त्याच क्रमानें सांठवितो. मुंबईच्या 'एक टाइप' मंडळींनीं 'मुक्ता', 'बलू' असे टाइप मोकळ्या परवान्यानें दिले. ते कोणीही वापरतो. हें काम कोणत्याही कंपनीच्या उदयास्ताबरोबर बुडालें नाहीं. दुसरें, मालकाच्या घरावर आपला वेगळा मजला चढविण्याचें : त्यांत बुद्धि कमी नव्हती, कष्ट कमी नव्हते, पण तो मजला खालच्या भिंतींबरोबर हलला. २०२३ च्या जानेवारींत मद्रासच्या आय. आय. टी. च्या आश्रयानें पुढें आलेला 'भारओएस'ही अँड्रॉइडच्याच खुल्या कोडावर बेतलेला आहे. त्याचें हित चिंतूनही ही शंका त्यास लागू होते असें म्हणावें लागतें.

कोणी म्हणेल, 'परक्याच्या पायांत आपलें काम घालून आपणांस काय मिळालें? फायदा तर मालकाचाच झाला.' या आक्षेपांत तथ्य आहे. गूगलचा फोन मराठी घरांत गेला तो या अक्षरांच्या जोरावरच गेला. पण तींच अक्षरें ॲपलच्या फोनांत आहेत, विंडोजमध्यें आहेत, आणि उद्यां अँड्रॉइड जाऊन दुसरें कांहीं आलें तर त्यांतही असतील. घर बदललें तरी बरोबर नेतां येतें तेंच बिऱ्हाडकरूचें खरें धन. म्हणून मालकीच्या नियमांबद्दल स्पर्धा आयोगासारख्या ठिकाणीं दाद मागणें जसें आवश्यक आहे, तसेंच सर्वांच्या पायांत आपली भाषा आणखी खोल नेऊन ठेवणें आवश्यक आहे.

आणि तें काम संपलेलें मुळींच नाहीं. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें मराठी वळणाचे 'ल' व 'श' प्रमाण ठरविले. परंतु मजकूर मराठी आहे हें ॲपनें सिस्टिमला सांगितलें नाहीं, किंवा टाइपांत तीं रूपें नसलीं, तर फोन हिंदी वळणाचींच अक्षरें दाखवितो. हें सांगणें म्हणजे प्रोग्राममधली एक लहानशी ओळ. पण ती लिहिणें पुष्कळांस सुचत नाहीं. मराठीचें शुद्धलेखन तपासणें, सामान्यरूपें ओळखून शब्द शोधणें, ओळीच्या शेवटीं शब्द योग्य जागीं तोडणें, बोललेलें मराठी लिहून घेणें, यांतील प्रत्येक गोष्टींत करण्यासारखें अजून फार आहे, आणि त्यांतला पुष्कळसा कोड कोणालाही उघडून दुरुस्त करतां येतो. त्याला ना पंचवीस डॉलर लागत, ना बारा माणसें. बदलापूरच्या मुलाला वा उल्हासनगरच्या मुलीला मराठीचा किंवा सिंधीचा एखादा दोष सांपडला, तर आपल्या ॲपपुरती मलमपट्टी करून न थांबतां ती दुरुस्ती मुळांत पाठवावी, एवढेंच आमचें मागणें आहे. ॲपचें आयुष्य चार-दोन आवृत्त्यांचें असतें. मुळांत गेलेली दुरुस्ती मात्र, तिच्या कर्त्याचें नांव कोणास ठाऊक नसलें तरी, पुढच्या प्रत्येक फोनांत काम करीत राहते.